पाठमोरी सनई

करंजवेढ्यात भैरोबाच्या देवळासमोर एक चौथरा आहे. काळ्या दगडाचा, कमरेएवढा उंच, आठ-दहा माणसं मांडी घालून बसतील एवढा. गावातून येणाऱ्याला तो उलटा बांधल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या पायऱ्या गावाच्या बाजूला नाहीत, पलीकडे ओढ्याच्या बाजूला आहेत. गावाकडे नुसती सपाट भिंत, आणि तिच्यावर तीन माणसं कोरलेली. एकाचं कोपर वर उचललेलं आहे, म्हणजे हातात सनई असावी. मधे एक बाई आहे. तिचा अंबाडा आणि पाठीवर सोडलेला पदर दिसतो. तिसऱ्याच्या खांद्यावरून ढोलकीचा पट्टा गेला आहे. तिघांचीही तोंडं दिसत नाहीत. पाथरवटाने तिघांच्या पाठी कोरल्या आहेत.

करंजवेढं तसं लहान शहर. एक एसटी स्टँड, दोन कॉलेजं, सोमवारचा बाजार. पण इथून निघालेली माणसं मोठी झाली. सिनेमाच्या गाण्यांत कितीतरी वर्षं वाजलेली सनई इथल्या माणसाची. तमाशाचे दोन नावाजलेले फड इथले. टीव्हीवर रोज रात्री घराघराला हसवणारा नट इथल्या नगरपालिकेच्या शाळेत नापास झालेला. चैत्री पौर्णिमेला ही मंडळी गावात येतात, चौथऱ्यावर बसतात आणि गावाकडे पाठ करून वाजवतात, गातात, बोलतात. साऱ्या मुलखाला ज्यांचा चेहरा पाठ आहे, त्यांची गावाने फक्त पाठ बघायची.

नगरपालिकेला हे अर्थातच आवडत नाही. तिने वेशीवर 'कलावंतांची नगरी' अशी कमान उभारली आहे आणि देवळाशेजारच्या बारवेवर फलक लावला आहे: 'कलावंत घडवणारे पवित्र जल'. लोक बाटल्या भरून नेतात. क्लासला जाणाऱ्या पोरींच्या आया तर कॅन घेऊन येतात.

गेल्या वर्षी एका वाहिनीची माणसं आली होती. त्यांच्या दिग्दर्शिका बाईंचं म्हणणं एवढंच होतं की कार्यक्रम दाखवायचा तर त्या वर्षी गाणार असलेल्या गायकाला गावाकडे तोंड करून बसवा. नगराध्यक्षांनी लगेच मान डोलावली. गायकही बिचारा हो-ना करत होता. प्रश्न एकच उरला, हिराकाकी ऐवळे. चौथऱ्यावरच्या कार्यक्रमाला पहिला सूर धरायचा मान ओढ्यापलीकडच्या होलारवस्तीतल्या ऐवळ्यांचा. तो सूर धरला नाही तर कुणी तोंड उघडत नाही. हिराकाकींनी चाळीस वर्षं याच गावचे रस्ते झाडले आणि आता त्या पाहुण्यांना चौथऱ्याची गोष्ट सांगतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही.

"काकी, दहाच मिनिटं वळवू त्यांना," बाई म्हणाल्या.

"बसा," हिराकाकी म्हणाल्या. "आधी ऐका. मग काय वळवायचं ते वळवा."

ती गोष्ट अशी.

पेशवाई संपत आली होती तेव्हाची हकीकत, असं सांगतात. गावावर आबासाहेब जहागीरदारांचा अंमल होता. देवळातली सनई गुरवाने वाजवायची, देवळाबाहेरची, लग्नाकार्यातली, होलारांनी, अशी वाटणी होती. एका चैत्री पौर्णिमेला पालखी निम्म्या वाटेवर असताना सनई वाजवणारा गुरव छाती धरून खाली बसला आणि गेला. पालखी तिथेच अडली. त्याच साली पटकीची साथ आली आणि गावाची चौथाई माणसं गेली. त्या गुरवाचा मुलगा बाळोजी. मिसरूड फुटायचं वय, बापाची सनई खुंटीला, आणि शिकवायला घरात कुणी नाही. तो आपल्या आपण फुंकायचा आणि सनई किंचाळायची.

"बाळ्या, देव जागा व्हायचा सोडून पळून जाईल की रं," पालखीचे भोई हसायचे.

ओढ्यापलीकडे ऐवळ्यांच्या घरात धोंडाई नावाची बाई राहायची. नवरा गेल्यावर वाजंत्र्यांच्या ताफ्यात माणूस कमी पडला म्हणून तिने सूर उचलला होता. सनईच्या जोडीला एक जण सनईसारख्याच नळीवर नुसता एकच स्वर धरून असतो, त्याला सूर धरणं म्हणतात; त्या नळीलाही सूरच म्हणतात. वाजवणाऱ्याची वाहवा होते. सूर धरणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण तो सूर मोडला की त्याच्यावर उभं केलेलं सगळं खाली येतं. धोंडाईचा सूर मोडत नसे. वरात वेशीपासून मांडवापर्यंत जाईतो तिने श्वास घेतलेला कुणाला कळत नसे, असं सांगतात.

बाळोजी एके दिवशी पहाटेच ओढा ओलांडून तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. कुणी पाहिलं असतं तर गुरवाचं घर वाळीत पडलं असतं. धोंडाईने त्याला सनई लावूच दिली नाही. पितळी ताटलीत ओढ्याचं पाणी घेतलं, बोरूची पोकळ काडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, काडीतून पाण्यात फुंकायचं. नाकाने श्वास आत घ्यायचा, गालातली हवा बाहेर सोडायची, आणि पाण्यावरचे बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. थांबले की पाठीत काठी बसायची. सहा महिने तो नुसते बुडबुडे काढत होता. मग तिने त्याला सनई लावू दिली.

पुढे तिथे आणखी दोघं यायला लागली. फडावर नाचणाऱ्या बाईची मुलगी मैना, जिला तान घेताना दम पुरत नसे, आणि खंडू नावाचा ढोलकीवाला, ज्याचा हात ठेक्याच्या पुढे पळे. धोंडाईने मैनाला तीच ताटली दिली आणि खंडूला बुडबुड्यांबरोबर ठेका धरायला बसवलं. तीन वर्षं ही शाळा चालली. फी म्हणून तिघांनी तिचं अंगण सारवायचं आणि ओढ्यावरून पाणी आणायचं. बारवेचं पाणी तिच्या घरात कधी आलं नाही. बारवेच्या पायरीला वस्तीतल्या माणसाची सावली पडलेली चालत नसे.

मग तिघंही बाहेर पडली आणि मोठी झाली. बाळोजी तर पार उत्तरेतल्या एका दरबारात गेला. पहिल्याच मैफलीत त्याने असं काही वाजवलं, की राजाने अंगावरची शाल काढून त्याला दिली आणि विचारलं, "बुवा, गुरू कोण?"

इथे हिराकाकी नेहमी थांबतात. त्या वाहिनीच्या माणसांपुढेही थांबल्या.

बाळोजीच्या डोळ्यांपुढे पितळी ताटली आली, म्हणे. समोर शास्त्री बसले होते, उस्ताद बसले होते, प्रत्येकाच्या मागे सात-सात पिढ्यांची नावं. त्याच्या तोंडून शब्द निघाला, "पाणी, महाराज."

"कुठलं पाणी?"

खरं सांगायला तेवढाच वेळ होता. ओढ्याचं, म्हणाला असता तर पुढे सगळं आपोआप आलं असतं. बाळोजी म्हणाला, "आमच्या गावी भैरोबाची बारव आहे. तिच्या पाण्याने गळा येतो आणि दम येतो. बाकी गुरू नाही."

दरबार खूश झाला. "लोक सांगत्यात, त्या रातीला त्यो लई तळमळला," हिराकाकी म्हणाल्या. "कायबी तळमळला न्हाई. चांगली झोप लागली त्येला."

मैनाला आणि खंडूलाही कुणीकुणी विचारलं. त्यांनीही बारवच सांगितली. सोपं होतं ते. गोष्ट तिघांच्या आधी गावात पोचली. मग काय विचारता. वीस गावांतून लोक पाणी प्यायला येऊ लागले. बारवेला कठडा झाला, पहारा बसला, पूजा सुरू झाली. मूल तोतरं बोलतं म्हणून आणायचे, कीर्तनकाराचा आवाज बसला म्हणून आणायचे. करंजवेढ्याच्या माणसाला सोयरीक करताना सांगायला एक नवी प्रतिष्ठा मिळाली. आणि ज्या अंगणातून हे सगळं निघालं तिथली बाई ओढ्याचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून पीत होती.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. एका उन्हाळ्यात बारवेच्या पाण्याला वास यायला लागला. पहाऱ्यावरच्या कुणीतरी शोध लावला, की बारवेचे झरे ओढ्यातून येतात आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला होलारवस्ती आहे. ते लोक तिथे डफांची कातडी भिजवतात. आबासाहेबांनी हुकूम काढला. यात्रा झाली की वस्ती उठवायची आणि दोन कोसांवरच्या माळावर न्यायची. सतरा घरं. माळावर एक झुडूप नव्हतं, पाण्याचं तर नावच नको. कलावंत घडवणारं पाणी पवित्र ठेवायचं तर एवढं करावंच लागेल, असं गावातल्या शहाण्या लोकांचंही मत पडलं.

त्याच यात्रेला आबासाहेबांनी तिन्ही कलावंतांना सत्कारासाठी बोलावलं होतं. देवळासमोर नवा चौथरा बांधून घेतला होता, पायऱ्या तेवढ्या बाकी होत्या, आणि त्याच्यावर तिघांचे मुखडे कोरायला पाथरवट बसवला होता.

बाळोजी घोड्यावरून आला. वेशीतच मैना भेटली. ती आदल्या दिवशी आली होती आणि सगळं ऐकून बसली होती.

"या बाळोजीबुवा," ती म्हणाली. "तुमच्या पाण्यात आपली म्हातारी वाहून चाललीय, कळलं का?"

बाळोजीने सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. तरी त्याला बोलायचं सुचलंच. "तूही तेच सांगितलंस ना?"

"सांगितलं. तुझं ऐकून सांगितलं. खोटं बोलायलासुद्धा कुणीतरी आधी पुढं व्हावं लागतं. तो तू झालास."

तो तसाच ओढा ओलांडून वस्तीत गेला. धोंडाई सत्तरीला टेकली होती. उंबऱ्यात बसून सनईच्या तोंडाच्या पत्तीला दोरा गुंडाळत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"कोण?"

"मी बाळोजी."

"कुठला बाळोजी? बारवेच्या पाण्याचा?"

त्याने खाली मान घातली. "उद्या सभेत तुमचं नाव घेतो, आई."

"आई म्हणू नगंस. घ्यायचं तवा घेतलं न्हाईस. आता माझं नाव घेऊन मी काय त्येचा काढा करून पिऊ? सतरा घरं हायती हितं. दोन बायका भरल्या दिवसात हायती. त्येंचं काय ते बग."

"काय करू, सांगा."

धोंडाईने दोऱ्याची गाठ दातांनी आवळली. "मी सूर धरते. वाट वाजवणाऱ्यानं काढायची असती," ती म्हणाली आणि आत गेली.

बाळोजी आबासाहेबांकडे गेला. सगळं खरं सांगितलं. गुरू धोंडाई, पाणी ओढ्याचं, बारव म्हणजे आपली बनवाबनवी. आबासाहेब विडा चघळत शांतपणे ऐकत होते.

"बुवा, तुम्ही सांगितलंत म्हणूनच आम्ही मानलं," ते म्हणाले. "आता वीस गावं मानतात. एकट्या तुमच्या सांगण्यावरून ते खोटं कसं होईल? आणि होलारणीच्या अंगणात बसून शिकलो म्हणालात तर उद्या देवळात पाय ठेवू देणार नाहीत तुम्हाला. आम्ही तुमच्या भल्याचं बोलतोय."

"वस्ती तरी राहू द्या."

"वस्ती कुठे जातेय? माळावर जातेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. सत्काराला उत्तर द्यायला बाळोजी उठला आणि भर गावापुढे म्हणाला, "बारवेच्या पाण्याची गोष्ट मी रचली. मला, मैनाला आणि खंडूला होलारवस्तीतल्या धोंडाईने शिकवलं. आमच्यात जे आहे ते तिचं आहे. वस्ती उठवू नका."

त्याला वाटलं, आता दगड येतील. दगड आले असते तर बरं झालं असतं. आबासाहेब उठले, हसले आणि म्हणाले, "पाहिलंत मंडळी? केवढा मोठा माणूस आणि केवढा लीन. गरिबांची वस्ती हलणार म्हणून बुवांचं काळीज तुटतंय. आपल्या मोठेपणाचं माप त्यांच्या पदरात टाकतायत."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. बाळोजीचं खरं मानायचं तर बापाच्या पाठीमागे त्याने देवापुढे जे जे वाजवलं ते सगळं बाटलं असं मानावं लागलं असतं. वीस वर्षं ज्या पाण्याला हात जोडले ते नुसतंच पाणी, हेही मानावं लागलं असतं. त्यापेक्षा बुवा लीन आहेत हे बरं होतं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बायकांनी कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि त्या शालीखाली त्याचं खरं गुदमरून गेलं.

दुपारी पालखी उठली.

भैरोबाच्या पालखीचा एक नेम आहे. सनई पुढे, पालखी मागे. सनई चालली की पालखीने चालायचं, सनई थांबली की थांबायचं. आणि एकदा खांद्यावर घेतली की प्रदक्षिणा पुरी होऊन विसाव्याला येईपर्यंत तिला जमीन दाखवायची नाही. पटकीच्या सालापासून तर गावाला या नेमाची दहशत बसली होती. देवळाच्या दारातून उजवीकडे वळायचं, पेठेतून वेशीपर्यंत जायचं आणि परत यायचं, ही ठरलेली वाट. डावीकडे नुसता उतार, आणि उताराखाली ओढा.

बाळोजी सनई घेऊन पुढे झाला. शेजारी खंडू, मागे मैना. सूर धरायला गुरवांच्याच भावकीतला एक पुतण्या दिला होता. दारातून बाहेर आले आणि दहा पावलांत पुतण्याचा सूर मोडला. त्याने पुन्हा धरला, पुन्हा मोडला. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी धावत जाऊन बारवेचं तांब्याभर पाणी आणलं आणि त्याला पाजलं. तो ते प्याला, आणि त्याला ठसका लागला.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून सूर आला.

एकच स्वर. बारीक, सरळ, ताणलेल्या दोरीसारखा. त्याच्यात कुठे श्वासाची गाठ नव्हती. बाळोजीने सनई ओठांवरून खाली घेतली. सनई थांबली तशी पालखी थांबली. चैत्राचं ऊन डोक्यावर, आठ भोयांच्या खांद्यावर देव.

"चला की बुवा," पुढचा भोई म्हणाला.

बाळोजीने खांद्यावरची शाल काढून तिथेच टाकली. गावाकडे पाठ केली, सनई ओठाला लावली आणि डावीकडे, उताराने, त्या सुराच्या दिशेने चालायला लागला. खंडूने ढोलकीवर थाप दिली आणि तो निघाला. मैनाने पदर खोचला आणि तीही निघाली. भोई एकमेकांकडे बघत राहिले, पण त्यांच्या पायांना एकच गोष्ट माहीत होती. सनई चालली. पालखीही चालली.

"थांबवा," आबासाहेब ओरडले.

"थांबवू नका," पुजारी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाला. "सनई चालू आहे. मधेच अडवली तर पुन्हा मागल्यासारखं होईल."

ओढ्याच्या काठावर आबासाहेबांच्या शिपायांनी बाळोजीला गाठलं. दोघांनी खांदे धरून त्याला गरकन गावाकडे फिरवलं. गावाकडे तोंड झाल्याबरोबर बाळोजीने ओठ मिटून घेतले. खंडूचा हात थांबला. पालखी भर उतारावर उभी राहिली, देव पुढे झुकलेला, भोयांचे गुडघे लटपटतायत. पलीकडून येणारा तो सूर तेवढा अख्ख्या गावाला ऐकू येत होता.

मैना मागे वळली. "आबासाहेब, खांदा द्या की जरा. देव तुमचाच हाय न्हवं?"

भोयांपैकी एक जण फसकन हसला आणि पालखी हलली. मग हसणाराच सगळ्यांत आधी घाबरला. "सरकार, सोडा त्येंना," तो काकुळतीला आला. "देव पडंल."

असं सांगतात, की शिपाई बाळोजीला धरून उभे होते तेवढा सगळा वेळ बारवेच्या पाण्यावर बुडबुडे येत होते. आत कुणी नव्हतं. ताटलीत काडी धरून फुंकावं तसे एकसारखे, न थांबता. पहाऱ्यावरच्या माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणे, आणि तो पहारा सोडून जो पळाला तो ओढ्यापाशी येऊन थांबला. कॉलेजातले प्राध्यापक म्हणतात, झऱ्यातून हवा आली असेल. आली असेल. त्याच वेळी आली, एवढंच.

आबासाहेबांनी हात हलवला. शिपायांनी बाळोजीला सोडलं. तो पुन्हा फिरला, सनई लावली आणि ओढ्यात उतरला. पालखी उतरली. पालखीला एकटं सोडता येत नाही म्हणून पुजारी उतरला, मानकरी उतरले, आणि मग धोतरं-लुगडी वर धरून सगळं गाव त्या पाण्यात उतरलं. ज्या पाण्याने बारव बाटते म्हणून वस्ती उठवायची होती, त्याच पाण्यात गुडघ्यापर्यंत.

धोंडाई आपल्या अंगणात बसली होती. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. पालखी तिच्या दारापर्यंत आली तेव्हा तिने डोळे उघडले आणि सूर ओठांवरून काढला. सूर थांबला तशी बाळोजीची सनई थांबली. सनई थांबली तशी पालखी थांबली. भोयांच्या अंगात आता पाऊलभरही बळ नव्हतं. पुजाऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याला म्हणावंच लागलं, "विसावा." भोयांनी देव तिच्या सारवलेल्या अंगणात टेकवला.

जिथे देवाने एकदा विसावा घेतला ती जागा उठवता येत नाही. तिथे दर वर्षी पालखी यावी लागते आणि तिथल्या माणसांनी पालखीला पाणी दाखवावं लागतं. हा नेम आबासाहेबांच्या आजोबांनीच लिहून ठेवलेला होता. वस्ती राहिली. आबासाहेबांना पश्चात्ताप झाला असं मात्र कुणी सांगत नाही. त्यांचा हुकूम देवाच्या पालखीखाली सापडला, इतकंच.

बाळोजी धोंडाईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. तिने त्याला वरून खाली पाहिलं.

"वढ्यापाशी दम तुटला तुजा."

"धरलं होतं मला त्यांनी."

"धरणारच. म्हणून दम तोडायचा?"

यापेक्षा ती त्याला जास्त काही बोलली नाही. त्याच पावसाळ्यात ती गेली.

गुरवांनी बाळोजीला वाळीत टाकलं. तो दरबारात परत गेला नाही. ओढ्याच्या काठाला झोपडी घालून राहिला आणि जो येईल त्याला, जातपात न विचारता, ताटलीतल्या पाण्यावर शिकवत राहिला. त्याने शपथ घेतली होती, की या गावात वाजवीन ते तिच्या दाराकडे तोंड करून. गावाने माझी पाठ बघावी. मैनाने आणि खंडूने तीच शपथ घेतली. मुखडे कोरायला बसवलेल्या पाथरवटाला तिघांपैकी कुणी तोंड दाखवीना. शेवटी तो त्यांच्या मागे बसला आणि जे दिसलं ते कोरलं. गावाच्या बाजूच्या पायऱ्या त्याने घातल्याच नाहीत. कुणी सांगितलं होतं, की त्याचं त्यालाच सुचलं, ते माहीत नाही.

हिराकाकींची गोष्ट संपली. वाहिनीच्या बाईंनी चौथऱ्यावरच्या तीन पाठींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काकी, फार मोठी गोष्ट आहे ही. आम्ही हीसुद्धा दाखवू. पण प्रेक्षकांना चेहरा दिसायला हवा हो. नुसती पाठ कोण बघणार?"

"मग बघा की चेहरा. मी कुटं नगं म्हणते? वढा वलांडा, आमच्या अंगणात कॅमेरा लावा. तितनं समदं तोंड दिसतंय. आमी जल्मापासनं तेच बघतूया."

नगराध्यक्ष घाईघाईने मधे पडले. "मॅडम, तिकडे जागा बरोबर नाही. उघडं गटार आहे, टँकरच्या ड्रमांची रांग असते. टीव्हीवर बरं दिसणार नाही."

"ते बी दिसू द्या," हिराकाकी म्हणाल्या.

आजही वस्तीत दर चौथ्या दिवशी टँकर येतो आणि आजही बारवेवरचा फलक तसाच आहे. वेशीवरच्या कमानीवर अकरा नावं आहेत, त्यांत धोंडाईचं नाही. ओढ्यावर पूल बांधून देतो म्हणून तीन निवडणुका झाल्या. वस्ती म्हणते, आधी नळ द्या, पुलाचं मागाहून बघू, तोवर गावाचे पाय भिजू देत. आजही चैत्री पौर्णिमेला पालखी पहिला विसावा ऐवळ्यांच्या अंगणात घेते आणि ऐवळ्यांनी सूर धरल्याशिवाय चौथऱ्यावर कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. गेल्या वर्षी वाहिनीच्या माणसांनी पँट्स गुडघ्यापर्यंत दुमडल्या, कॅमेरे डोक्यावर घेतले आणि ओढा ओलांडला. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला गायकाचा चेहरा स्वच्छ दिसला. पुढे पाण्याचे निळे ड्रम होते, त्यांच्यावर बसलेली वस्तीतली पोरं होती, आणि गायकाच्या पाठीमागे, लांब, बारीक बारीक डोक्यांचं, गाव होतं.